इतिहासाची पदवी आणि कर्जाचा हप्ता

इतिहास घ्यावा की नाही, हा तुमचा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कोठे आणि किती कर्ज काढून घ्यावा, हे आधी ठरवायला हवे. ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात घरून ये-जा करून एम.ए. करणाऱ्याचा खर्च आणि बाहेरच्या खाजगी विद्यापीठात वसतिगृहासह शिकणाऱ्याचा खर्च यांची तुलनाच होत नाही. सहा लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 7,900 रुपये येतो, आणि शिक्षण चालू असतानाही व्याज वाढतच असते, ही गोष्ट बँकेच्या टेबलावर सही करताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही (माझ्याही आली नव्हती). त्यामुळे गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेच्या अटी आधी नीट वाचाव्यात.

कमाईचे म्हणाल, तर नुसत्या पदवीला बाजारात फारसा भाव नाही. शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते, महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. मात्र जोडीला पोर्तुगीज आणि मोडी शिकलात तर चित्र बदलते. 1595 साली सुरू झालेल्या पणजीच्या पुराभिलेखागारात (जुन्या सरकारी दस्तऐवजांच्या संग्रहात) शाईने चाळण झालेले पान उजेडात तिरके धरून वाचू शकणारी माणसे मोजकीच उरली आहेत, आणि घरजमिनीच्या जुन्या कागदांसाठी वकीलही त्यांनाच शोधत येतात.