बडीपासून पाय लपवू नको

बाळा, बेळगावचं ट्रेनिंग झालं, आता युनिट सियाचीनला चाललंय म्हणतोस. रत्नागिरीला मंगला एक्सप्रेस पकडताना बॅगेत आंबापोळी जास्तीची टाक, एकट्याने खायची नाही ती. तिथे बडी, म्हणजे कायम सोबत राहणारा जोडीदार जवान मिळेल, कदाचित त्याची भाषाही वेगळी असेल. बर्फावर एकाच दोराला बांधून चालायचं आणि रात्री एकमेकांची बोटं तपासायची. पांढरी, बधिर दिसली तर लगेच सांगायचं. मी एकदा लाजेपायी मोजा काढेना. बडीने शिव्या घालत ओढून काढला, म्हणून करंगळी शाबूत आहे. एरवी बडबडणारा बडी गप्प बसला, जेवेना, तर 'थकला असेल' म्हणून सोडू नको. उंचावरच्या विरळ हवेचा त्रासही असाच सुरू होतो. चुगली वाटली तरी सीनियरला सांग. फोन लागला की बडीच्या आईशीही बोल, मोडक्या हिंदीत का होईना.