मॉडेल रॉकेटसाठी घरी अल्टिमीटर (उंचीमापक) बनवतोय. बीएमपी२८० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर चालेल का? पॅराशूटही त्यावरूनच उडवता येईल का?

चालेल. ‘स्वस्त सेन्सर उंची कमी दाखवतो’ असं कुणी सांगितलं असेल, तर त्याला आधी थर्मामीटर दाखवा.

सोलापूरजवळ ज्वारी निघालेल्या रानात मे महिन्यात स्पर्धेचं उड्डाण होतं. हवा ४० अंश. पॅडपासून (उड्डाणाच्या जागेपासून) १०० मीटरवरून रॉकेटच्या सर्वोच्च बिंदूचा कोन मोजला, ५० अंश, म्हणजे उंची ११९ मीटर. अल्टिमीटर म्हणाला ११०. परीक्षकांनी ‘चायना माल’ म्हणून सेन्सर निकालात काढला. चूक सूत्राची होती. दाबावरून उंची काढायला सगळे जे ४४३३० वालं सूत्र चिकटवतात, ते जमिनीवरची हवा १५ अंश धरून चालतं. गरम हवा विरळ असते, त्यामुळे दाब तेवढाच उतरायला जास्त वर जावं लागतं. म्हणून आलेली उंची गुणिले (२७३ + तापमान) भागिले २८८ करा. ११० गुणिले ३१३ भागिले २८८, झाले ११९.५. महागडा सेन्सर लावूनही हे सूत्र ११०च सांगणार. तापमान मात्र सावलीतल्या हवेचं घ्या. सेन्सर स्वतःचं तापमान सांगतो आणि पॅडवर उन्हात तापलेल्या नळीत ते भलतंच असतं.

नमुना कोडमधला समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ काढून टाका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, इथे दाब ९५५-९६० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. पॅडवर ५० रीडिंगची सरासरी घ्या, तेच शून्य.

बोर्ड आर्डुइनो प्रो मिनी, ३.३ व्होल्टचाच. ५ व्होल्टला सेन्सर जळतो. सेन्सर सापडत नसेल तर कोडमधला त्याचा पत्ता ०x७६ ऐवजी ०x७७ करून बघा. बॅटरी एका सेलची छोटी लायपो (लिथियम पॉलिमर). बटन सेल नको: बझर वाजला की व्होल्टेज बसतं, बोर्ड रिसेट होतो आणि मोजलेली उंची गेली. बोर्डावरची कायमची मेमरी, ईईप्रॉम, १०२४ बाइटची. दोन बाइटचं एक रीडिंग, सेकंदाला २०, म्हणजे जेमतेम २५ सेकंद. त्यामुळे १० मीटर वर गेल्यावरच लिहायला सुरुवात करा.

खरी गंमत भोकांची, म्हणजे सेन्सरच्या खणात बाहेरचा दाब पोचावा म्हणून नळीला पाडायच्या भोकांची. एकच भोक पाडलं तर वाऱ्याच्या बाजूला आलं की आकडा बिघडतो. १२० अंशांवर तीन पाडा, दीड मिलिमीटरची, नाकाच्या खाली नळीच्या व्यासाच्या किमान चौपट अंतरावर. कडेचा कुसळासारखा कीस काढाच, तोही हवा ढवळतो. खण आणि पॅराशूट यांच्यामधला पडदा इपॉक्सीने बंद करा. फट राहिली की पॅराशूट ढकलणाऱ्या स्फोटक दारूचा गॅस खणात शिरतो, दाब वाढतो आणि उंचीच्या आलेखात रॉकेट क्षणभर जमिनीखाली जातं! सेन्सरवर ऊन पडूनही आकडे नाचतात, वर काळ्या स्पंजचा तुकडा ठेवा.

पॅराशूट सध्या रॉकेट मोटारीच्या डिले चार्जवरच (ठरावीक सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या दारूवरच) सोडा. आलेख स्वच्छ येईपर्यंत अल्टिमीटरवरून पॅराशूट उडवणाऱ्या सर्किटला हात लावू नका.

आता परीक्षकांच्या बाजूनेही एक: ५० अंशांजवळ कोन एका अंशाने चुकला तरी उंची चार मीटरने हलते, म्हणजे ११९ हा आकडाही काही दगडावरची रेघ नाही. आणि होटगी रोडला विमानतळ आहे, त्या बाजूला उडवू नका. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांत रॉकेट गडप होतं, तेव्हा बझर उतरल्यावरही वाजत राहील असा ठेवा.