चादर, खांब आणि ‘गुन्हा’

प्रश्न असा आहे : “आमच्या चौकात दुभाजकाच्या लोखंडी कठड्यावर रोज चादरी वाळत असतात, दिव्याच्या खांबाला कुणी बकरी बांधतं. हटकलं की ‘यात काय गुन्हा झाला?’ असं ऐकवतात. याला गुन्हा म्हणावं का? आणि ‘गुन्हा’ परका शब्द म्हणून त्याऐवजी ‘अपराध’च लिहावा का?”

दुसऱ्या भागाचा मला फार राग आहे, म्हणून आधी तो.

‘गुन्हा’ फारसीतून आला हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आपले कोश बहुधा कंसात ‘फा.’ लिहून फारसीपाशीच थांबतात. खरी गंमत तर तिथून पुढे सुरू होते. फारसी ‘गुनाह’चं जुनं, मध्ययुगीन इराणी रूप आहे ‘विनाह’. सुरुवातीच्या ‘वि’चा ‘गु’ होणं ही त्या भाषेची नेहमीची चाल. जुन्या इराणी कथांतला विश्तास्प राजा पुढे गुश्तास्प झाला तो असाच. आता शेवटचा ‘ह’ पाहा. संस्कृत ‘दश’ला फारसीत ‘दह’ म्हणतात, आणि आपणही ‘दहा’च म्हणतो की! म्हणजे ‘विनाह’च्या शेजारी संस्कृतातला शब्द ठेवायचा तर कुठला? विनाश! फारसीने तो संस्कृतातून उचलला असं मी म्हणत नाही. दोन्ही एकाच आजीची नातवंडं, एक इराणात वाढलं, एक इथे. ‘वि’ हा उपसर्गही तोच आणि ‘नश्’ हा धातूही तोच. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नव्हती. शुद्धीच्या नावाखाली जो शब्द आपण दाराबाहेर काढतो, तो घरातलाच निघाला.

उलट ‘अपराध’ बघा. राध् म्हणजे साधणे, सफल होणे, ‘आराधना’ त्यातलीच. अप-राध् म्हणजे नेम हुकणे. अमरकोशात ओळच आहे : ‘अपराद्धपृषत्कोऽसौ लक्ष्याद्यश्च्युतसायकः’. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला तो अपराद्धपृषत्क. पृषत्क म्हणजे बाण. आपल्या ‘चूक’चं मूळ वेगळं, पण अर्थाची चाल हीच, नेम चुकतो तीच. म्हणून तर अपराध पोटात घालता येतो. ‘माझा गुन्हा पोटात घाला’ असं कुणी म्हणतं का? ‘गुन्हा’ पुसून सर्रास ‘अपराध’ लिहा असं सांगणारे शुद्धिवादी जड शब्द काढून त्या जागी हलका बसवतात आणि त्याला भाषासेवा म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही.

आता चादरी. त्यांच्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, ‘गैरवापर’. अरबीत ‘गैर’ म्हणजे वेगळा, दुसरा. ‘वाईट’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. कठडा वाहनं अडवायला, त्यावर चादर म्हणजे अक्षरशः दुसराच वापर. नाश कशाचाच नाही. कायदाही साधारण हीच रेघ ओढतो. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा 1984 चा कायदा पाच वर्षांपर्यंत कैद सांगतो, पण त्यासाठी आधी ‘आगळीक’ घडावी लागते, म्हणजे वस्तूचा नाश व्हावा किंवा तिचं मोल, उपयोग घटावा. (आगळा म्हणजे अधिक, मर्यादेपेक्षा अधिक ती आगळीक. कायद्याच्या मराठीतला माझा सर्वांत लाडका शब्द.) शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 33, म्हणजे जुन्या दंड संहितेचं 95, सांगतं की साधारण समजुतीचा माणूस तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी असेल, तर ते कृत्य अपराधच ठरत नाही. बकरीने वाट अडवली तर पोलीस कायद्याखाली दंड होऊ शकतो, तेवढं ध्यानात ठेवा. कठड्याचा गज कापून नेला तर मात्र सरळ गुन्हा लिहा, शब्दाच्या मूळ अर्थासकट.

त्याच खांबावर आकडा टाकला तर? तिथे कायद्यालाही शब्द पुरला नव्हता. चोरी होते जंगम वस्तूची, आणि वीज त्या व्याख्येत बसेना. म्हणून 1910 च्या वीज कायद्यात कलम 39 घालून तिला चोरी ‘मानावं’ असं लिहावं लागलं. आज 2003 च्या कायद्याचं कलम 135 आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि हा आकडा कुठला? संस्कृत ‘अंक’ म्हणजे वाकडं टोक, गळ, आणि त्याच वळणामुळे खूण, संख्याही. तारेवर टाकतात तो आकडा आणि मीटरवर फिरतो तो आकडा, दोन्ही एकाच अंकाचे.