"आता उशीर झाला का?"

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रान्देच्या खोऱ्यातल्या एका कॉलेजच्या आरोग्य केंद्रात मी समुपदेशक आहे. येणाऱ्या बहुतेक मुली मेक्सिकन घरांतल्या. एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लसीचा, म्हणजे एचपीव्ही लसीचा, विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "ती लहान मुलींना देतात ना? आता उशीर झाला असेल."

20 वर्षांच्या एका मुलीनेही तेच विचारलं. (ओळखीचे तपशील बदललेत.) उशीर नव्हता. अमेरिकेत 26 वर्षांपर्यंत ही लस घ्यायला सांगतात. पंधराव्या वाढदिवसाआधी सुरू केली तर बहुतेकींना दोन डोस पुरतात, नंतर तीन. हे ऐकूनही ती उठेना. मग हळूच म्हणाली, "बिल घरी जाईल?"

गाठ इथे होती. विमा बाबांच्या नावावर. खिशातून काही जाणार नव्हतं, पण कसले पैसे भरले याचा कागद विमा कंपनी बाबांच्या पत्त्यावर पाठवते. आणि लस लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूवरची! सांगलीत माझ्या आईनेही "लग्नाआधी कशाला?" असंच विचारलं असतं. खरं तर संबंध येण्याआधीच ती जास्त उपयोगी पडते, पण हे मुलीने आईला कसं सांगायचं?

कागद दुसऱ्या पत्त्यावर मागवायचा अर्ज मी तिला दिला. तिने तो भरला नाही. दोन आठवड्यांनी आईलाच घेऊन आली.

मी मोडक्या स्पॅनिशमध्ये, पण "एचपीव्ही, एचपीव्ही" असंच म्हणत राहिले. बाईंचा चेहरा कोरा. शेवटी मुलगी म्हणाली, "वे-पे-आचे, मामी." म्हणजे स्पॅनिशमध्ये "एचपीव्ही, आई." बाई हसल्याच. ही लस? ती तर सीमेपलीकडे मेक्सिकोत, रेनोसाला, भाचीला पाचवीत असताना शाळेतच टोचली होती! मेक्सिकोत 2012 पासून सरकार शाळकरी मुलींना ती देतं. आम्ही दोघी उगीच घाबरलो होतो.

पहिले दोन डोस वेळेवर झाले. तिसरा उन्हाळी नोकरीत राहिला आणि ती वर्षभराने आली, पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागणार या भीतीने. तसं काही नसतं. राहिलेला तेवढा घ्यायचा.

त्या दिवशी आईही सोबत होत्या. वय 44. "मला चालेल का?" त्यांनी विचारलं. त्या वयात ते डॉक्टरांशी बोलून ठरवतात. मी आधी विचारलं, शेवटची पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची तपासणी, कधी झाली?

त्यांनी मुलीकडे बोट दाखवलं. "हिच्या वेळी."

नर्सला हाक मारून त्यांना जवळच्या दवाखान्यातली तारीख घेऊन दिली.