नवं इन्सुलिन, जुनी वेळ नको

दादा, रेग्युलर इन्सुलिन अर्धा तास आधी घ्यायची सवय आता मोडा. अ‍ॅस्पार्ट हे तुमचं नवं इन्सुलिन 10-15 मिनिटांतच काम सुरू करतं. भाकरी ताटात आल्यावरच टोचा. डोस किती, ते डॉक्टरच ठरवतील. असर 3 ते 5 तास राहतो, म्हणून दोन तासांनी साखर जास्त दिसली तरी मनानं दुसरा डोस घेऊ नका. दोन्ही एकत्र येऊन साखर पाडतात. 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

सगळ्यात घातक चूक सिरिंजची. दर मिलीला 100 युनिटच्या कुपीतून लाल टोपणाच्या, दर मिलीला 40 युनिटच्या सिरिंजनं घेतलं, तर अडीचपट डोस जातो! केशरी टोपणाचीच मागा.

परभणीच्या उन्हाळ्यात वापरातलं इन्सुलिनचं पेन 30 अंशांच्या आत ठेवा, गाडीच्या डिकीत कधीच नको. वापर सुरू केल्यापासून 28 दिवसांनी उरलेलं फेका.