वाचकांचे प्रश्न : पाळीव उंदरांचं घर, पोट आणि उद्योग

उन्हाळ्याच्या तोंडावर पाळीव उंदरांविषयी पुण्यातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. इथे उंदीर म्हणजे रॅटस नॉर्वेजिकसची पाळीव जात : पाव ते अर्धा किलो वजनाचा, दोन ते तीन वर्षं जगणारा प्राणी. पेट शॉपमध्ये मिळणारे चिमुकले पांढरे ‘माइस’ वेगळे, त्यांना ही मापं लावू नयेत.

प्रश्न (कर्वेनगर) : दोन माद्या आणल्या आहेत. घरातल्या जुन्या फिशटँकमध्ये सुताराकडचा भुसा घालून ठेवल्या. रोज भुसा बदलते, तरी दुसऱ्या दिवशी वास येतोच. एक सारखी शिंकते आणि तिच्या नाकाला रक्त दिसतं.

उत्तर : ते बहुधा रक्त नाही. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन ग्रंथी असते आणि तिच्या स्रावात पॉर्फिरिन हे तांबडं रंगद्रव्य असतं. उंदीर आजारी किंवा ताणाखाली असला की स्राव वाढतो, तोंड साफ करणं कमी होतं आणि डोळ्या-नाकाभोवती लाल खपली धरते. खात्री करायची तर ओल्या कापसाने ती टिपून घ्या आणि अंधारात त्या कापसावर नोटा तपासायचा जांभळा दिवा धरा. पॉर्फिरिन गुलाबी-लाल चमकतं, रक्त चमकत नाही. दिवा कापसावरच धरायचा, उंदराच्या डोळ्यांवर नाही.

मात्र लाल नाक आणि शिंका एकत्र दिसल्या की फुप्फुसांची काळजी घ्यावीच लागते. जवळपास सगळ्याच पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू मुक्कामाला असतो आणि जन्मभर राहतो. एरवी तो गप्प असतो. अमोनिया, धूळ आणि ताण यांनी त्याला जोर चढतो, आणि तुमच्या मांडणीत हे तिन्ही आहेत. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो. काचेच्या टाकीत हवा फक्त वरून येते, त्यामुळे तो आतच कोंडतो, आणि उंदराचं नाक तर तळापासून दोन बोटांवर. उभ्या माणसाला वास आला म्हणजे त्यांना तो केव्हाच असह्य झालेला असतो.

सुताराकडचा भुसा एका लाकडाचा नसतो. त्यात पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन असतं, देवदार असतो, प्लायवूड आणि एमडीएफची पूडही असते. पाइन-देवदारातली वासाची तेलं श्वसनमार्गाला झोंबतात, प्लायवूडच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं, आणि करवतीची पूड पिठासारखी उडते. त्याऐवजी श्रेडरमधून काढलेला साधा कागद दोन-तीन इंच जाड पसरा. बिलांचा गुळगुळीत थर्मल कागद त्यात नको. झोक्यासाठी आणि फळ्यांवर अंथरायला फ्लीसचं कापड घ्या. जुनी सुती साडी किंवा टॉवेल नको, कारण त्याचे निघालेले धागे बोटांना गुंडाळले जाऊन रक्तपुरवठा बंद पडतो.

रोज सगळंच्या सगळं बदलणं थांबवा. उंदीर आपली जागा वासाने ओळखतात. सगळा वास गेला की ते घाबरून पुन्हा जास्त लघवी शिंपडतात, म्हणून तुमचा वास हटत नाही. ते सहसा एकच कोपरा संडासासारखा वापरतात, तेवढा रोज उपसा. आठवड्यातून एकदा सगळं बदला, पण जुना कोरडा कागद दोन मुठी परत घाला. तळ भांड्यांच्या साबणाने धुवा. लघवीचा पांढरा क्षार बसला असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन दहा मिनिटं ठेवा. फिनाईल, मच्छरांची कॉइल, धूप-अगरबत्ती आणि डांबरगोळ्या त्या खोलीत नकोतच.

हे बदल करतानाच शिंकणारीला लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवा. छातीत खरखर, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, खाणं सुटणं, आठवड्यात वजन दहा टक्के उतरणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या. प्रतिजैविक दिलं तर दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. घरातल्या माणसांच्या गोळीचा तुकडा तर देऊच नका.

प्रश्न (धायरी) : तयार पिंजरे लहान वाटतात. फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचा तर मापं काय सांगावीत?

उत्तर : दोन ते चार उंदरांसाठी ३ फूट लांब, २ फूट रुंद, ३ फूट उंच. सांगाड्याला पाऊण इंची चौकोनी पाइप. जाळी अर्धा इंची चौकोनाची, वेल्ड केलेली. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी ते दातांनी तोडतात. एक इंची जाळीतून पिल्लं आणि सडपातळ माद्या आरामात निसटतात, कारण डोकं गेलं की अंग जातंच. बोहरी आळीत जाळी सुटी मिळते, पण ती नुसत्या जस्ताच्या मुलाम्याची असते. लघवीने मुलामा उतरतो, गंज चढतो, आणि उंदीर ते जस्त चावतात. म्हणून जाळी सांगाड्यावर बसवून झाल्यावर सगळ्याला पावडर कोटिंग करून घ्या. त्यावर खर्च होतो, पण हा खर्च वाचवू नये.

दार ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. पुढची पूर्ण बाजू दोन झडपांत उघडली पाहिजे. छोट्या खिडकीतून हात घालून कोपरे साफ होत नाहीत, आणि वरून येणारा हात उंदराला घारीसारखा वाटतो. त्याच कारणाने पिंजरा जमिनीवर न ठेवता छातीच्या उंचीवर, मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवा.

तळाला ५-६ इंच खोल ट्रे, बाहेर सरकणारा. मधल्या मजल्यांना जाळी वापरू नका. तारेवर सतत चालून तळव्यांना फोड येतो, तो चिघळतो आणि महिनोन्‌महिने बरा होत नाही. याला बम्बलफूट म्हणतात. जाड उंदरांत तो जास्त. भाजी चिरायचे प्लास्टिकचे बोर्ड मजल्यांना उत्तम, धुताही येतात. उघडं प्लायवूड लघवी पितं, ते घ्यायचंच तर दोन्ही बाजूंना सनमायका आणि कडा बंद करून घ्या. दर १०-१२ इंचांवर फळी किंवा झोका हवा, म्हणजे वरून घसरलेला उंदीर थेट तळाला आपटत नाही.

लपायला जागा उंदरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून चार-पाच इंच तोंडाची मडकी आणून आडवी ठेवा. माती आतून गार राहते आणि खरखरीत काठावर नखंही झिजतात. संक्रांतीची सुगडं पिल्लांना पुरतात, मोठा नर तोंडाशीच अडकतो. पळायचं चाक लावायचं तर किमान १२ इंच व्यासाचं, भरीव पृष्ठाचं. लहान चाकात पाठीचा कणा उलटा वाकतो आणि गजांच्या चाकात शेपूट अडकते.

प्रश्न (सदाशिव पेठ) : आमचं घर शाकाहारी आहे. अंडं-मांस न देता उंदीर नीट वाढतील का? रोज पोळी-भाजी खातातच, बाकरवडी तर फार आवडते.

उत्तर : नीट वाढतील, पण पोळी-भाजीवर नाही. आहाराचा कणा उंदरांसाठी बनवलेल्या गोळी-खाद्याचा असावा. त्याची बहुतेक प्रथिनं धान्य आणि सोयाबीनमधूनच येतात. घटकांत मासळीची पूड लिहिलेली नाही ना, एवढं पाकिटावर पाहा. घरच्या मिश्रणात ब-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, ते या गोळ्यांतून मिळतं. प्रौढाला प्रथिनं १४ ते १६ टक्के, वाढत्या पिल्लांना १८ ते २० टक्के. पिल्लांचं खाद्य म्हाताऱ्या नरांना चालू ठेवू नका, त्यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात.

प्रौढ उंदीर दिवसाला १५ ते २० ग्रॅम कोरडं खाद्य खातो. बियांचं रंगीत मिश्रण देऊ नका. ते सूर्यफूल आणि शेंगदाणे वेचतात आणि बाकीचं टाकतात. गोळीत वेचायला काही नसतं. गोळ्यांच्या जोडीला संध्याकाळी प्रत्येकी एक मोठा चमचा ताजी भाजी : कोबी, गाजर, काकडी, मटार, लाल भोपळा, मेथी. आठवड्यातून तीनदा एक चहाचा चमचा वाफवलेले मूग, मसूर किंवा टोफू. नाचणी-ज्वारीचा मीठ न घातलेला मऊ भात अधूनमधून. बाकरवडी, शेव आणि बिस्किटं मात्र बंद. मीठ आणि तेल इतक्या लहान शरीराला फार होतं, आणि लठ्ठ उंदराचं पाऊल, हृदय, श्वास सगळंच बिघडतं.

उंदराला उलटी करता येत नाही. गेलं ते गेलं. म्हणून पीनट बटरसारखं चिकट काही नुसतं देऊ नका, घशात अडकतं. कच्चा राजमा, हिरवा पडलेला बटाटा, चॉकलेट वर्ज्य. संत्र्या-मोसंबीची साल नरांना देऊ नका. तिच्यातलं लिमोनिन नर उंदराच्या शरीरातल्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटून मूत्रपिंडाला इजा करतं. क जीवनसत्त्व उंदीर स्वतःच बनवतो, त्यासाठी संत्रं लागतच नाही. पावसाळ्यात शेंगदाणे आणि मका पूर्ण टाळा. त्यांच्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन उंदराच्या यकृताला फार घातक असतं. खाद्य महिन्याभराचंच आणा आणि स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवा.

पाण्याच्या बाटल्या दोन लावा. उंदीर वजनाच्या दर १०० ग्रॅमला दिवसाकाठी साधारण १० मिलिलिटर पाणी पितो. बाटलीच्या नळीच्या टोकाशी असलेली धातूची गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि उंदीर तहानलेला राहतो. रोज बोटाने गोळी ढकलून थेंब येतो का ते पाहा.

प्रश्न (सहकारनगर, सातवीतली वाचक) : माझे उंदीर दिवसभर झोपतात आणि रात्री पिंजऱ्याचे गज चावतात. त्यांना काही शिकवता येईल का?

उत्तर : येईल, आणि गज चावणं त्यानेच कमी होईल. ते कंटाळलेत. उंदीर संध्याकाळी आणि रात्री जागे असतात, म्हणून शिकवणी संध्याकाळी सातनंतर घे, पाच मिनिटांची. बक्षीस राजगिऱ्याच्या दोन-तीन लाह्या, म्हणजे पोट भरत नाही.

पहिले दोन दिवस जिभेने ‘टक्’ आवाज कर आणि लगेच लाही दे. दहा वेळा, एवढंच. आवाज आला की तो तुझ्याकडे बघायला लागेल. मग त्याचं नाव घे, तो एक पाऊल जरी आला तरी ‘टक्’ आणि लाही. अंतर रोज थोडं वाढव. नाव एकदाच घ्यायचं. सारखी हाक मारत राहिलीस तर तो आवाज त्याच्यासाठी पंख्याच्या घरघरीसारखा होतो. आठवड्याभरात बरेच उंदीर नावाला येतात. शेपटीला धरून कधीही उचलू नकोस, शेपटीची कातडी सोलवटून निघते. दोन्ही हातांची ओंजळ कर आणि खालून उचल.

तुला आवडेल अशी गोष्ट : बर्लिनच्या हम्बोल्ट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना लपाछपी शिकवली. ते संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात बक्षीस खाऊचं नव्हतं, गुदगुल्या आणि खेळ हेच बक्षीस होतं. उंदीर खेळताना ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात, आपल्याला ते ऐकू येत नाही.

आईबाबांच्या मदतीने एक उकरायचं खोकंही कर. प्लास्टिकचं एक फुटी खोल खोकं, त्यात नर्सरीतली ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजवून, धुऊन, घट्ट पिळून भर. खत मिसळलेलं आणू नकोस. वर मेथी आणि गहू पेर. कोंब आले की खोकं पिंजऱ्यात ठेव आणि बघत बस. कुबट वास आला की सगळं फेकून नवीन भर, तो वास बुरशीचा असतो. त्यांच्या गोळ्याही वाटीत देऊ नकोस. कागदात गुंडाळ, पुठ्ठ्याच्या नळीत कोंब, अंड्यांच्या ट्रेमध्ये लपव. शोधून खायला मिळालं की त्यांची अर्धी रात्र कामात जाते.

प्रश्न (धनकवडी) : आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिल-मेमध्ये खोली तापते. पंखा पुरेल का?

उत्तर : नाही. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता सोडतो आणि अंगाला लाळ फासतो. खोलीत ३० अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो, पुण्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो. नुसता पंखा गरम हवाच फिरवतो, आणि थेट झोत नाकाला कोरडा करतो.

पिंजरा दुपारी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा, म्हणून सांगाड्याला चाकं लावून घ्यावीत. कडप्प्याचा एक फुटी तुकडा ओला करून तळात ठेवा, ते त्यावर पोट टेकून पसरतात. अर्ध्या लिटरची बर्फ झालेली बाटली कापडात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, दुसरा कोपरा मोकळा ठेवा. उथळ ताटात अर्धा इंच पाणी आणि त्यात मटारचे दाणे घातले तर ते पाण्यात हात घालून मासे पकडावेत तसे दाणे काढतात, गारवा आणि खेळ दोन्ही मिळतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो, खिडकी उघडी हवी.

उंदीर आडवा पसरून हाकेला हलत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर तो उष्माघात आहे. बर्फाचं पाणी ओतू नका, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. माठातल्या नव्हे, नळाच्या साध्या पाण्याने शेपूट, पाय आणि कान ओले करा आणि तसंच डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न (खडकी) : एकटा उंदीर पाळला तर चालेल का? आणि आंघोळ किती दिवसांनी घालायची?

उत्तर : एकटा नको. तुम्ही दिवसातून तासभर खेळलात तरी उरलेले तेवीस तास त्याला दुसऱ्या उंदराची संगत लागते. एकाच लिंगाचे दोन घ्या. दुकानात नर-मादी ओळखण्यात सर्रास चूक होते, म्हणून घरी आणल्यावर स्वतः पुन्हा पाहा. पिल्लं पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून प्रजननक्षम होतात, गर्भकाळ जेमतेम २१ ते २३ दिवसांचा. आंघोळीची गरज नसते.

प्रश्न (औंध) : सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले उंदरांचं औषध ठेवणार आहेत. आमच्या उंदरांना धोका आहे का?

उत्तर : आहे. बाहेरचे उंदीर औषधाचे तुकडे उचलून दुसरीकडे नेतात. आधी औषधाचं नाव लिहून घ्या. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने रक्त गोठत नाही, लक्षणं काही दिवसांनी दिसतात आणि वेळेत गेलात तर डॉक्टर के-१ जीवनसत्त्वाने उपचार करू शकतात. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. काम होईपर्यंत आपले उंदीर खोलीत मोकळे सोडू नका. न्हाणीच्या मोरीला आणि बाल्कनीच्या पाइपाभोवती अर्धा इंची जाळी बसवा. बाहेरच्या उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस येतो, तो पाळीव उंदरांना आणि तुम्हालाही होऊ शकतो. आणि घरात प्लगला लावायचं उंदीर पळवणारं अल्ट्रासोनिक यंत्र असेल तर आजच काढा. तो आवाज तुम्हाला ऐकू येत नसला तरी पिंजऱ्यातल्यांना रात्रंदिवस ऐकू येतो.