रापणीवरचा प्रबंध परत आलाय? आधी 28 टक्क्यांत काय काय आहे ते बघा

रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीवरचा एम.ए.चा प्रबंध, तपासणीत इतर लिखाणाशी साम्य 28 टक्के आणि शेरा फक्त 'संदर्भ योग्य पद्धतीने द्यावेत'. तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम ठसठसली.

लेखक, साल, पान हे तुम्हाला येतच असेल, ते सोडतो. माझा प्रबंध जिथे अडकला त्या कार्यालयात एका टेबलाला कंसातले संदर्भ हवे होते, दुसऱ्याला तळटिपा. नमुना मागितला तर म्हणे, 'जुने प्रबंध बघा'. बघितले, तर एकेका प्रबंधात तीन-तीन तऱ्हा! नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या, माझी फाईल जाग्यावरच. म्हणून सांगतो, कुठली पद्धत आणि कितवी आवृत्ती, हे मार्गदर्शकांकडून लेखी घ्या. तोंडी होकाराला तिथे कुणी विचारत नाही.

आता 28 टक्के. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची साम्यात धरायची नसते. ती वगळली होती का, हे अर्ज देऊन विचारा. नंतरही 10 ते 40 मध्ये राहिलात तर सुधारून द्यायला मुदत मिळते, नोंदणी रद्द होत नाही.

तुमची खरी गोची गॅझेटियरची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाची दिसते. सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा झाला, त्यामुळे मालवण-देवगडचा जुना मजकूर रत्नागिरीच्या खंडांत सापडतो. त्यातही 1880 चा खंड वेगळा, 1962 चा वेगळा. पानं एकाची आणि साल दुसऱ्याचं, असं सर्रास चालतं. आणि मूळ खंड उघडलाच नसेल, उतारा एखाद्या मराठी पुस्तकातून घेतला असेल, तर सरळ 1880 ठोकू नका. कंसात '1880, उद्धृत' लिहून त्या पुस्तकाचा लेखक, साल, पान द्या. सूचीत फक्त ते पुस्तक. यात कमीपणा काही नाही.

रापणकारांच्या मुलाखती तुम्हीच घेतल्यात ना? एपीए या संदर्भपद्धतीच्या सातव्या आवृत्तीत त्यांना वेगळा संदर्भ लागत नाही. बोलणारा कोण, ते वाक्यातच सांगायचं. मत्स्य खात्यातल्या कुणी फोनवर माहिती दिली असेल तर 'वैयक्तिक संवाद' आणि तारीख कंसात, सूचीत नाही.

मी भूगोलवाला, म्हणून एपीए सांगितलं. तुमचा विभाग एमएलए ही दुसरी पद्धत मागत असेल तर कंसात साल येत नाही, लेखक आणि पान येतं. तेवढं जुळवून घ्या.

आणि पुस्तक हातात आहे तोवर शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. साल, आवृत्ती तिथेच असते. नंतर त्यासाठी परत एस.टी. धरावी लागते.